डायलवर नाव कुणाचं?

साठ वर्षांचं दिसणारं मनगटी घड्याळ आज महिन्या-दोन महिन्यांत जन्माला घालता येतं. केस, डायल, काटे, काच, मशीन असे सुटे भाग कुरियरने घरपोच येतात आणि पुढचं काम हौशी माणसाचं. जळगावातल्या माझ्या एका मित्राचा हा रविवारचा उद्योग आहे. त्याच्या टेबलावर सध्या रोलेक्स सबमरीनर ५५१३ तयार होतंय. मूळ मॉडेल १९६२ पासून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत होतं. आज ते विकत घेणं पगारदार माणसाच्या हिशेबात बसत नाही. मित्राचं घड्याळ एका बऱ्यापैकी मोबाइलच्या पैशांत उभं राहतं.

या कामाला मी कमी लेखत नाही. आलेली केस जाडजूड असते, कडा बोजड असतात. जुन्या फोटोंवरून मापं काढून, कानस आणि पॉलिश पेपर घेऊन पट्टा अडकवायच्या शिंगांना उतार द्यावा लागतो. एक घास जास्त गेला की केस भंगारात. काच मुद्दाम प्लॅस्टिकची, घुमटासारखी फुगलेली, कारण मूळ तशीच होती. काचेभोवतीची काळी अॅल्युमिनियमची रिंग ब्लीचच्या पाण्यात बुडवतात, की तीस वर्षांचं ऊन खाल्ल्यासारखी ती राखाडी होते. मग काटे बसवायचे. तिन्ही काटे एकमेकांना आणि काचेला न घासता फिरले पाहिजेत, बाराच्या ठोक्याला एका रेषेत आले पाहिजेत. हे साधायला किती वेळ आणि किती शिव्या लागतात हे करणाऱ्यालाच माहीत.

तरीही जाणता माणूस ही नक्कल हातभरावरून ओळखतो. या केसमध्ये बहुधा ईटीए २८२४ या स्विस मशीनची चिनी आवृत्ती बसते. तिची चाल ताशी २८,८०० ठोके, म्हणजे सेकंदाला आठ. जुन्या ५५१३ मधलं १५२० मशीन ताशी १९,८०० ठोक्यांवर चालायचं, सेकंदाला साडेपाच. त्यामुळे नकलेचा सेकंद काटा अस्सलापेक्षा जास्त गुळगुळीत सरकतो. चांगलं चालणं हाच तिचा दोष. अंधारातही तीच गंमत. साठच्या दशकात डायलवरच्या ठिपक्यांत ट्रिशियम असायचं. त्याचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांच्या आसपास, म्हणजे साठ वर्षांत पाच वेळा निम्मं होऊन जेमतेम तिसावा हिस्सा उरतो. अस्सल जुनं घड्याळ रात्री आंधळं असतं. नकलेतला नवा रंग मात्र झगझगीत पेटतो. म्हणून हौशी मंडळी तो रंग मातीच्या पिवळ्या रंगद्रव्यात कालवून मुद्दाम मंद करतात. कुणी डायलला चहाचा हात देतं, कुणी ती ओव्हनमध्ये भाजतं.

इथे एक सावधगिरीची सूचना देऊन पुढे जातो. ट्रिशियमच्या आधीच्या, म्हणजे पन्नासच्या दशकातल्या आणि त्यापूर्वीच्या घड्याळांत चमकण्यासाठी खरंखुरं रेडियम वापरलेलं असू शकतं. ती डायल आता चमकत नसेल, तरी विझलाय तो त्यातला जस्ताचा क्षार. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचं आहे, ते जिथल्या तिथे आहे. आजोबांचं जुनं फाव्र-ल्युबा किंवा वेस्ट एंड हौसेने उघडून त्यावरचा भुगा नखाने खरवडू नये. अमेरिकेत विसाच्या दशकात डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशाचं टोक ओठांनी जुळवायच्या. रेडियमने त्यांच्या जबड्यांची हाडं कशी कुजली ते जगाला ठाऊक आहे.

आता मुद्दा. नक्कल करण्यात मला काही वावगं दिसत नाही. हात नकलेनेच तयार होतो. पण मित्राच्या डायलवर बाराच्या खाली पाच टोकांचा मुकुट आहे आणि त्याखाली रोलेक्स हे नाव. माझा त्याच्याशी जो वाद आहे तो तेवढ्या दोन-तीन मिलिमीटरच्या छपाईवर आहे. केसचा आकार, काचेचा घुमट, काट्यांची ठेवण, अगदी ते चहात भिजलेले ठिपकेसुद्धा मी सोडून द्यायला तयार आहे. नाव सोडायला तयार नाही.

मित्राचं उत्तर ठरलेलं आहे: ‘मी कुठे विकायला चाललोय?’ कायदाही त्याला थोडी सवलत देतो. १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात खोटं चिन्ह लावण्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, पण फसवण्याचा हेतू नव्हता हे सिद्ध करायला आरोपीला जागा ठेवलेली आहे. अर्थात मुकुट छापलेली डायल त्याला विकणारा धंदाच करत असतो आणि २००७ च्या नियमांप्रमाणे असा माल कस्टमला अडवता येतो. पण मित्राचं रविवारचं टेबल म्हणजे गुन्हेगारीचा अड्डा, असं मला म्हणायचं नाही. त्याच्या बोलण्यातली अडचण वेगळीच आहे. घड्याळ माणसापेक्षा जास्त जगतं.

माणूस गेल्यावर चौदाव्या दिवशी कपाट उघडतात. कागदपत्रं, पासबुकं, चष्मे आणि एक डबा. डब्यातल्या घड्याळाबद्दल त्याच्याशी बोललेला माणूस आता नाही. मुलाला वाटतं, बाबांनी आपल्याला न सांगता केवढी मोठी वस्तू घेऊन ठेवली! भाऊ-बहिणीत त्यावरून कुरबुर होऊ शकते. वाटणीत कुणी शेताचा बांध सोडून ते घड्याळ घेऊ शकतो. किंवा मुलगा अडचणीत असेल तेव्हा ते विकायला काढेल, घेणारा विश्वासाने पैसे मोजेल, आणि फसवणूक होईल. करणाऱ्याच्या मनात नसताना, त्याच्या पश्चात. ‘स्वतःपुरतं’ हा शब्द जेवणाला, गाण्याला, फार तर शर्टाला लागू पडतो. पोलादी केसमध्ये बंद केलेल्या वस्तूला तो लागू पडत नाही.

जळगावच्या माणसाला हे फार समजवावं लागू नये. हे सोन्याचं गाव. इथल्या सराफ बाजारात विदर्भ-मराठवाड्यातून लग्नाची खरेदी करायला लोक येतात ते कसाच्या भरवशावर. आणि याच गावात एक ग्रॅमच्या दागिन्यांची दुकानंही खुशाल चालतात. लग्नात एक ग्रॅमचा राणीहार घालून मिरवणाऱ्या बाईला कुणी खोटारडी म्हणत नाही. दुकानाची पाटी, पावती, बोलणं, सगळीकडे ‘एक ग्रॅम’ असंच म्हटलेलं असतं. अस्सल दागिन्यावर आता हॉलमार्कची सहा अक्षरी-अंकी ओळख कोरलेली असते, नकलीवर ती नसते, आणि दोन्ही धंदे एका रस्त्यावर सुखाने नांदतात. एक ग्रॅमच्या हारावर कुणी हॉलमार्क ठोकला आणि ‘मी घरात घालायला केलाय’ म्हटलं, तर माझा मित्रसुद्धा भुवया उंचावेल. मुकुट छापलेली डायल यापेक्षा वेगळी कशी, हे त्याने मला अजून सांगितलेलं नाही.

घड्याळाच्या धंद्यात नाव चोरणं नवं नाही, ते धंद्याइतकंच जुनं आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला घड्याळांवर कारागिराचं नाव-गाव घालण्याचा कायदा करावा लागला. अठराव्या शतकात युरोपात स्वस्त घड्याळं बनत आणि त्यांवर लंडनच्या कारागिरांची, कधी तर अस्तित्वातच नसलेल्या लंडनकरांची, नावं पडत. पॅरिसच्या ब्रेगेची इतकी नक्कल होऊ लागली, की १७९५ च्या सुमारास त्याने डायलवर गुप्त सही घालायला सुरुवात केली. ती डायल तिरकी धरून उजेडात पाहिली तरच दिसते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन घड्याळांना भाव आला तेव्हा स्विस कारखान्यांनी अमेरिकन वाटतील अशी नावं घालून माल पाठवला. आज नकलांविरुद्ध सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या देशाचा हा पूर्वेतिहास. मला त्यातून एक गोष्ट दिसते. चाकं, स्प्रिंगा, एस्केपमेंट यांची नक्कल सगळ्यांनी केली आणि धंदा पुढे गेला. भांडण झालं ते दरवेळी नावावरून.

याचा सर्वांत चांगला दाखला आपल्याच घरात पडलेला असतो. १९६१ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्सने बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळाचा कारखाना काढला. जनता, पायलट, सोना, कोहिनूर यांच्या पोटातली मशीनं सिटिझनच्या घराण्यातली. म्हणजे काटेकोर बोलायचं तर ज्या एचएमटीला आपण अस्सल देशी म्हणून उराशी धरतो, ती नक्कलच. करार करून, पैसे मोजून, शिकून केलेली. पण डायलवर नाव आपलं. चाललं नाही तर शिव्या कुणाला घालायच्या हे त्या नावाने ठरवून दिलं होतं. चीनमध्येही त्याच दशकात टिअँजिनच्या कारखान्याने स्विस व्हीनस १७५ या मशीनची यंत्रसामग्री विकत घेतली आणि हवाई दलासाठी क्रोनोग्राफ काढला. आज त्याचीच नक्कल होते. मूळ व्हीनसचं नाव आता संग्राहकांपुरतं उरलंय.

एचएमटी खानदेशात कशी आली, कुठल्या मनगटावर बसली हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. नवरदेवाच्या मागण्यांत सायकल, रेडिओ आणि घड्याळ ही त्रयी असायची. नोकरी लागलेल्याला वडील जनता घेऊन द्यायचे, भुसावळच्या रेल्वेवाल्याला निरोप समारंभात मिळायची. रोज सकाळी ठरलेल्या वेळी चावी द्यायची हा घरातल्या कर्त्या पुरुषाचा विधी होता आणि पोरांनी त्याला हात लावायचा नसे. ऐंशीच्या दशकात टायटनचं क्वार्ट्झ आलं आणि चावी देणं मागे पडलं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मान्यता दिली. त्यानंतर पायलटची काळी डायल एकदम मौल्यवान झाली, आणि जे मौल्यवान झालं त्याची नक्कल आलीच.

इथे प्रश्न खरा गुंतागुंतीचा होतो, कारण इथे चोर आणि कारागीर एकच टेबल वापरतात.

जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हा कुचेष्टेचा शब्द आहे. जुनं मशीन, दुसऱ्याच घड्याळाची केस, त्यावर पुन्हा रंगवलेली भडक डायल, असं जोडघड्याळ म्हणजे मुंबई स्पेशल. डायल पुन्हा रंगवण्याचं काम तसं साधं असतं. जुना रंग काढून पितळेची चकती उघडी करायची, नवा रंग मारायचा, कोरलेल्या पत्र्यातून रबरी गादीने अक्षरं उचलून चकतीवर दाबायची. हाताचं कसब असेल तर सुरेख होतं. नसेल तर अक्षरं पसरतात, मिनिटांच्या रेघा कडेला जाऊन चुकतात, सहाच्या खालची बारीक छपाई गायब असते. युरोपातला संग्राहक हे पाहतो आणि नाक मुरडतो.

मला त्याचं नाक मुरडणं अर्धंच पटतं. धुळ्यात आग्रा रोडवर किंवा जळगावात फुले मार्केटच्या आसपास एखाद्या शेतकऱ्याने घड्याळ काउंटरवर ठेवून ‘नाना, एकदम नवं करी द्या’ म्हटलं, तेव्हा त्याला पुराणवस्तू नको होती, वेळ हवी होती. डायलला पाण्याचे डाग पडलेले, आकडे वाचता येत नाहीत. घड्याळजीने डायल रंगवून आणली, केस बफवर चढवली, दुसऱ्या मेलेल्या घड्याळाचा बॅलन्स बसवला. गिऱ्हाईक खूश. आत काय बदललं ते त्याला तोंडी सांगितलंही असेल. ही दुरुस्ती आहे. हिला बनावट म्हणणारा माणूस घड्याळ कपाटात ठेवणारा असतो, मनगटावर घालून केळीच्या बागेत दारं धरणारा नसतो.

आणि इथली हवा घड्याळाची वैरीण. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तेल पातळ होऊन आपली जागा सोडतं, मग वाळतं. कपाशीच्या हंगामात जिनिंगजवळच्या वस्तीत पिंजलेला कापूस हवेतच असतो, त्याचा एक तंतू बॅलन्सच्या खाली गेला की मशीन थबकतं. जुन्या साध्या पोलादी हेअरस्प्रिंगची घड्याळं उन्हाळ्यात मागे पडत, कारण उष्णतेने स्प्रिंगचा ताण ढिला पडतो. त्यावर उपाय म्हणून निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधणाऱ्या गीयोमला १९२० मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. भर उन्हात, पंखा बंद ठेवून, म्हणजे स्क्रू उडायला नकोत म्हणून, डोळ्यात भिंग खोचून बसलेला घड्याळजी ज्याने पाहिलाय, त्याला रंगवलेल्या डायलबद्दल त्या माणसाला बोल लावावासा वाटणार नाही.

बोल लावायचा तो पुढच्या पायरीवर. हेच रंगवलेलं पायलट ‘१९७५ चं, न वापरलेलं, कंपनीचं’ म्हणून विकायला ठेवलं की दुरुस्तीची बनावट होते. वस्तूत एक स्क्रूही बदललेला नाही, फक्त तिच्याविषयी बोलायचं ते बोलणं बदललं. कारखान्याने कधीच काढल्या नाहीत अशा रंगांच्या, लष्करी चिन्हांच्या डायलींवर एचएमटीचं नाव छापून आज विक्री होते. देवनागरी अक्षरांच्या डायली एचएमटीने खरोखर काढल्या होत्या, अंधांसाठी ब्रेलची घड्याळंही काढली, त्यामुळे घेणाऱ्याला वाटतं हेही असेल एखादं. बंद पडलेल्या कंपनीचं नाव राखायला कुणी जात नाही. रोलेक्सकडे वकिलांची फौज आहे. एचएमटीच्या नावाला वाली कोण? मला विचाराल तर खोट्या रोलेक्सपेक्षा खोटं पायलट जास्त वाईट. खोट्या रोलेक्सने जिनिव्हाच्या कंपनीचा केसही वाकडा होत नाही. खोट्या पायलटमुळे आपल्याकडे काय बनलं, कसं बनलं, याचा पुरावाच गढूळ होतो.

मित्राच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, आणि ती जुन्या घड्याळांच्या शुद्धतावाद्यांना आवडणार नाही. मित्र नव्या भागांतून घड्याळ जोडतो, त्यापायी एकही जुनं घड्याळ मरत नाही. उलट एचएमटी ‘मूळ रूपात आणणारे’ तीन जनता फोडून एक उभी करतात. बॅलन्सचा आस एकीचा, चावीची दांडी दुसरीची, काटे तिसरीचे. हे भाग आता बनत नाहीत. प्रत्येक पुनरुज्जीवनामागे दोन प्रेतं पडतात आणि ती फोटोत दिसत नाहीत. शिवाय मशीन धुवायचं, किती तेल कुठे घालायचं, ठोका कसा ऐकायचा हे मित्र चिनी मशीनवर शिकला, आजोबांच्या घड्याळावर नाही. ते शिकण्यासाठी चिनी मशीनच बरं.

नकलेची एक फार जुनी आणि प्रतिष्ठित परंपरा खानदेशातच आहे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी गोळा केलेली रामदासी संप्रदायाची हस्तलिखितं आहेत. त्यांतला सर्वांत मोलाचा ठेवा म्हणजे समर्थांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकी रामायण. म्हणजे नक्कलच. कुणीतरी रचलेला ग्रंथ कुणीतरी ओळीने उतरवून काढला. ती वाल्मीकींची म्हणून कुणी पुढे केली नाही. उतरवणारा कोण, यातच तिचं मोल. त्याच धुळ्यात वि. का. राजवाडे यांनी शेवटची वर्षं काढली आणि १९२६ च्या अखेरीस त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जुन्या पोथ्या-कागदांचा संग्रह आहे. पोथीच्या शेवटी लेखनिक काय करायचा, ते अशा संग्रहांत पाहावं. शक, तिथी, गाव, स्वतःचं नाव, कुणासाठी लिहिलं ते, आणि वर विनवणी, की समोर होतं तसं मी उतरवलं, चुकलं असेल तर दोष मला देऊ नका. नक्कल करणाऱ्याने आपली ओळख नकलेत ठेवायची, ही आपल्याकडची रीतच होती.

दुसरं उदाहरण भुसावळचं. मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अजिंठ्याच्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला घेतल्या आणि त्यात आयुष्य घालवलं. त्याच्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. या नकलांत भिंतीवरचे पोपडे, तडे, गळून गेलेले भागही रंगवलेले असत. मित्र मला हेच ऐकवतो: ‘मग मी रिंग ब्लीचमध्ये बुडवली तर काय बिघडलं? तेही म्हातारपणच रंगवत होते.’ प्रश्न चांगला आहे. फरक इतकाच की गिलचा कॅनव्हास स्वतःला भिंत म्हणवत नव्हता. त्यावरचा तडा हा पाहिलेल्या तड्याची नोंद होता. मित्राच्या रिंगवरचं फिकटपण पाहणाऱ्याला सांगतं, की हे मनगट तीस वर्षं समुद्रात होतं. तापीच्या पलीकडे न गेलेल्या मनगटाबद्दल हे जरा जास्तच झालं. तरी म्हातारपण रंगवण्याला माझी मनाई नाही, नाटकात आपण ते चालवून घेतोच. पण नाटकाच्या जाहिरातीत नटाचं नाव असतं.

जुन्या घड्याळाची किंमत शेवटी कशाची असते, हेही पाहायला हवं. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरांना गेलं. तशीच दुसरी डेटोना त्याच्या एका छोट्या अंशाला मिळते. मार्च २००९ मध्ये गांधीजींचं झेनिथचं खिशातलं घड्याळ, चष्मा, चपला आणि ताट-वाटी असा संच १८ लाख डॉलरांना विकला गेला. तशा झेनिथला एरवी कोण विचारतो? पैसे मोजले गेले ते कुणाच्या अंगाखांद्यावर वस्तू राहिली त्याचे. हा भाग कुठल्याही कारखान्याला, कुठल्याही हौशी कारागिराला बनवता येत नाही. तो मित्राच्या घड्याळातही येऊ शकतो, पण मग ते मित्राचं घड्याळ म्हणून ओळखू यायला हवं. मुकुट असलेल्या डायलने ती शक्यता आधीच पुसून टाकली आहे. नातवाला ते रोलेक्स वाटेल, नंतर खोटं रोलेक्स वाटेल. आजोबांनी कानशीने घासलेलं घड्याळ असं वाटायची सोयच नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे आणि ती घड्याळजींनी आधीच पाळलेली आहे. कुठलंही जुनं, दुरुस्त झालेलं घड्याळ उघडा. पाठीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेली बारीक अक्षरं दिसतात: एखादी तारीख, दोन आद्याक्षरं, कधी फक्त एक आकडा. दरवेळी घड्याळ उघडणाऱ्याने आपली खूण ठेवलेली असते, म्हणजे सहा महिन्यांनी गिऱ्हाईक परत आलं तर काम आपलं की दुसऱ्याचं ते कळावं. पोथीच्या शेवटच्या पानाचा हा पोलादी भाऊ. मित्राने तिथे आपलं नाव, साल, गाव आणि ‘डायल नवी, मशीन चिनी’ इतकं कोरावं.

तो म्हणाला, ‘आत कोरून उपयोग काय? उघडून बघतो कोण?’ ज्याने बघायला हवं तो बघतो. घेणारा शहाणा असेल तर झाकण उघडल्याशिवाय पैसे देत नाही, आणि पुढचा घड्याळजी तर उघडणारच. पण आत खरं आणि बाहेर खोटं, हे अर्धवट झालं, हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. मग डायल बदल, म्हटलं. ती बिननावाची मिळते. बिननावाची डायल मुकी दिसते, म्हणे. बाराच्या खालची जागा रिकामी राहिली की डोळा तिथेच जातो. हेही खरं आहे. रोलेक्सवाल्यांनी ती जागा उगाच भरलेली नाही, तिथे काहीतरी लागतंच.

तेव्हा तिथे त्याच्या गावाचं नाव घालावं, असं माझं मत पडलं. तो मूळ अमळनेरचा. छपाईवाल्याला मुकुट काय आणि अमळनेर काय, पत्रा कोरायचे पैसे तेवढेच. त्याने कागदावर काढून पाहिलं, देवनागरीत, किंचित कमानदार. अडचण शिरोरेषेची आहे. पाच अक्षरांवरून सलग जाणारी रेघ इतक्या बारीक छपाईत जाड पडते आणि खालचा ‘ळ’ बुजतो. रेघ मध्ये तोडून पाहायची, की अक्षरं मोठी करून नाव दोन ओळींत घ्यायचं, यावर आमचं अजून ठरत नाहीये.